काच बदलण्याआधी आकडे वाचा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बँकेतले टोकन यंत्र, रुग्णालयातला नोंदणी किऑस्क, बसस्थानकावरचा माहिती फलक, यांच्या काचेवर ‘यंत्र बंद आहे, खिडकीवर चौकशी करावी’ असा कागद सेलोटेपने चिकटवलेला असतो. दुरुस्तीला येणारा माणूस बोटाने चार वेळा टोचून बघतो, ‘टच गेला’ म्हणतो आणि पॅनेल बदलायचे कोटेशन देतो. नवे पॅनेल बसते, दोन दिवस चालते आणि कागद पुन्हा चिकटतो. अशा कितीतरी यंत्रांची काच शाबूत असते. आत रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा त्याच्यासारखा छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि बोटाचा स्पर्श वाचायला कुणीतरी घाईघाईत लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या आज्ञांची फाइल. दुखणे त्या स्क्रिप्टमध्ये असते. काच बदलल्यावर दोन दिवस चालते, कारण काच बदलताना यंत्र एकदा बंद करून चालू केलेले असते.

अशी यंत्रे बनवणारे छोटे उद्योजक, ती सांभाळणारे तंत्रज्ञ आणि पॉलिटेक्निकमध्ये त्यावर प्रकल्प करणारी मुले यांच्यासाठी हे लिहीत आहे. आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर अर्थातच ती रोमन लिपीत टाइप करायची.

पहिले काम म्हणजे स्पर्श कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत पोचतो की नाही हे ठरवणे. बोर्डवर लॉगिन करून /प्रॉक/इंटरप्ट्स ही फाइल वाचावी. तिच्यात टच ड्रायव्हरच्या नावाची एक ओळ असते आणि त्या ओळीत प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा एक आकडा; त्यांची बेरीज हा आपला आकडा. आकडा लिहून घ्यावा, काचेवर दहा वेळा बोट टेकवावे, फाइल पुन्हा वाचावी. आकडा वाढला असेल तर चिप, पट्टी केबल आणि इंटरप्टची (चिपने प्रोसेसरला द्यायच्या इशाऱ्याची) तार तिन्ही जिवंत आहेत. स्क्रूड्रायव्हर पेटीत परत ठेवावा. आकडा जागचा हलला नसेल तर पट्टी केबलचा लॅच उघडून ती पुन्हा सरळ बसवावी आणि डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींत आयटूसीच्या (चिप आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गाच्या) तक्रारी शोधाव्यात. तिथे उणे १२१ दिसले तर पलीकडची चिप उत्तर देत नाही असा अर्थ. यूएसबीवर किंवा पोलिंगवर (इशाऱ्याची वाट न बघता ठरावीक वेळाने विचारत राहण्यावर) चालणाऱ्या पॅनेलला मात्र ही चाचणी लागू पडत नाही.

गूडिक्सची जीटी९११ ही चिप स्वस्त पॅनेलांवर सर्रास असते आणि तिची एक खोड माहीत असलेली बरी. तिचा आयटूसी पत्ता हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) ५डी असतो किंवा १४. यातला कोणता, हे रीसेटच्या क्षणी इंटरप्टची पिन वर आहे की खाली यावर ठरते. पिन अधांतरी ठेवली असेल तर चिप एका बूटला एका पत्त्यावर जागी होते, दुसऱ्या बूटला दुसऱ्या. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डला काय काय जोडले आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, पत्ता मात्र एकच लिहिलेला असतो. ‘सकाळी चालत होते, लाइट जाऊन आल्यावर बंद पडले’ अशी तक्रार या पॅनेलाबद्दल आली की आधी ती पिन बघावी.

स्पर्श कर्नलपर्यंत पोचतो हे कळले की इव्हटेस्ट ही इनपुट तपासणारी आज्ञा चालवावी. ती उपकरणांची यादी दाखवते. टच निवडल्यावर प्रत्येक अक्षाचा किमान आणि कमाल आकडा सांगते आणि मग बोटाच्या हालचालीची एकेक ओळ टाकते. इथे एक क्षण हात मागे घेऊन थांबावे. कुणी न शिवता ओळी पडत असतील तर भुताटकी वाटते, पण ती बहुधा अॅडॉप्टरची असते. हलक्या दर्जाच्या अॅडॉप्टरमधला गोंगाट आणि अर्थिंगचा पत्ता नसलेली तीन पिनांची सॉकेट, या जोडीने कपॅसिटिव्ह (दाबाने नव्हे, बोटाच्या विद्युत परिणामाने स्पर्श ओळखणारी) काच वेडी होते. बोर्ड पाच व्होल्टचा असेल तर पॉवर बँकेवर चालवून बघावा. ओळी थांबल्या तर काचेचा दोष नाही.

आता स्क्रिप्ट. तिच्यातली सगळ्यात सामान्य चूक पहिल्याच ओळीत सापडते: /डेव्ह/इनपुट/इव्हेंट०. हा क्रमांक काही टचच्या नावावर राखून ठेवलेला नाही. बूट होताना ज्या क्रमाने ड्रायव्हर जागे होतात त्या क्रमाने क्रमांक वाटले जातात. कुणी यूएसबी कीबोर्ड लावून ठेवला, पॉवर बटणाची नोंद आधी झाली, किंवा कर्नल अद्ययावत केल्यावर एचडीएमआयच्या ड्रायव्हरने स्वतःची इनपुट फाइल काढली, की टच इव्हेंट१ किंवा इव्हेंट३ वर जातो आणि स्क्रिप्ट कीबोर्डकडे तोंड करून बसते. त्रुटी एकही येत नाही, हेच वाईट. उपाय दोन आहेत. एक, /डेव्ह/इनपुट/बाय-पाथ मधले लांब नाव वापरणे. दुसरा, यूडेव्हचा (उपकरणांच्या फाइलींना नावे देणाऱ्या प्रोग्रॅमचा) एका ओळीचा नियम लिहून टचला स्वतःचे कायमचे नाव देणे. नियमात उपकरणाचे नाव /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हाइसेस मध्ये दिसते तसे अक्षर न् अक्षर घ्यावे, आणि कर्नलचे नाव ‘इव्हेंट’ने सुरू होणारे हवे ही अटही घालावी. ही अट राहिली तर त्याच पॅनेलची जी ‘माउस’ नावाची दुसरी फाइल तयार होते तिच्याकडे दुवा जाऊ शकतो, आणि तिच्यातले बाइट वेगळ्याच साच्याचे असतात.

बाइटांचा साचा हे दुसरे ठिकाण. लिनक्स प्रत्येक घटना ठरावीक लांबीच्या तुकड्यात देते. ३२-बिट प्रणालीवर तुकडा १६ बाइटचा: आठ वेळेचे, आठ घटनेचे. ६४-बिटवर तो २४ बाइटचा: वेळेलाच १६ लागतात. रास्पबेरी पायची ६४-बिट प्रणाली २०२२ मध्ये अधिकृतपणे आली आणि त्याआधी लिहिलेल्या, फाइल तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्या डीडी आज्ञेला ब्लॉकचा आकार १६ सांगणाऱ्या स्क्रिप्ट नव्या कार्डावर जशाच्या तशा उतरवल्या गेल्या. तिथे कर्नल तुकड्यापेक्षा लहान वाचन सरळ नाकारतो आणि ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणतो. बाइट आकड्यांत दाखवणारा हेक्सडंप वापरलेला असेल तर ते अधिक फसवे: वाचन होते, पण १६-१६ च्या ओळी पाडल्यामुळे प्रत्येक ओळीत आकडे वेगळ्या जागी पडतात आणि तीनातली एक ओळ बरोबर असल्यासारखी दिसते. त्याऐवजी तेच काम करणाऱ्या ओडी या आज्ञेला ओळीची रुंदी २४ सांगावी आणि सारख्या ओळी गाळू नको असा ‘व्ही’ पर्यायही द्यावा. नाहीतर सलग सारख्या ओळींच्या जागी ती नुसती चांदणी टाकते.

त्या २४ बाइटांतले शेवटचे आठ असे दिसतात:

०३ ०० ३५ ०० ९० ०१ ०० ००

पहिले दोन म्हणजे प्रकार, ३, निरपेक्ष अक्ष. पुढचे दोन म्हणजे संकेत, हेक्स ३५, मल्टिटचचा आडवा अक्ष. शेवटचे चार म्हणजे किंमत, आणि ती उलट्या क्रमाने वाचायची: ०१९०, म्हणजे दशमानात ४००. बोट आडव्या ४०० वर आहे. उलट्या क्रमाकडे दुर्लक्ष करून ९००१ वाचणारी स्क्रिप्ट काचेबाहेरच्या बिंदूवर बोट शोधत राहते. आठही बाइट शून्य असतील तर ते ‘एक संच पूर्ण झाला’ असे सांगणारे सिन रिपोर्ट, आणि ते फार महत्त्वाचे आहे. बोट उचलले की ट्रॅकिंग आयडी, म्हणजे त्या स्पर्शाला दिलेला क्रमांक, उणे १ होतो. चिन्ह न मानता वाचला तर तोच ४२९४९६७२९५ दिसतो, आणि उणे १ शी तुलना करणाऱ्या स्क्रिप्टला बोट उचलल्याचे कधी कळतच नाही. हे बाइट बॅशच्या ‘रीड’ने थेट वाचायचा नादही सोडावा. बॅशच्या चलात शून्य बाइट राहत नाही आणि इथे निम्मे बाइट शून्यच असतात.

आता जो बिघाड शोधायला सगळ्यात त्रास देतो तो. समजा काचेवर एकाखाली एक चार बटणे आहेत. गिऱ्हाइकाने वरचे दाबले: आडवा ४००, उभा ९०, मग सिन रिपोर्ट. बोट उचलले. मग तिसरे दाबले आणि बोट योगायोगाने पुन्हा आडव्या ४०० वरच पडले. आता इव्हटेस्टमध्ये उभा ३१० अशी ओळ येते, आडव्याची ओळ येतच नाही. कर्नलचा इनपुट विभाग न बदललेली किंमत पुन्हा पाठवत नाही. हा दोष नव्हे, तसेच ठरवलेले आहे. पण ‘आधी आडवा येऊ दे, मग उभा येऊ दे, मग बटण शोध’ अशा क्रमाने लिहिलेली स्क्रिप्ट आडव्याची वाट बघत अडकते. पुढच्या माणसाचा आडवा आला की तो मागच्याच्या उभ्याशी जुळवते आणि भलतेच बटण दाबले गेल्याचे समजते. काचेच्या कडेला बटणे असतील तर हे जास्त होते, कारण कडेवर आकडा शून्यावर किंवा कमाल किमतीवर चिकटून बसतो. चार बोटे टोचून बघणाऱ्याला हे सापडत नाही; ‘मधूनमधून होते’ एवढेच तो लिहून जातो.

यावर उपाय साधा आहे. आडवा आणि उभा ही दोन चले लूपच्या बाहेर ठेवावीत. जी ओळ येईल तिने आपापले चल बदलावे, जी येणार नाही तिचे जुने मूल्य तसेच राहू द्यावे. निर्णय फक्त सिन रिपोर्ट आल्यावर घ्यावा. आणि बटण दाबले गेले हे टेकण्यावर ठरवायचे की उचलण्यावर, हे एकदाच ठरवावे. दोन्हींवर कृती केली की एका टिचकीला दोन टोकन छापली जातात. माझ्या मते उचलण्यावर ठरवावे. चुकून भलत्या बटणावर टेकलेले बोट माणसाला घसरवून बाजूला नेता येते.

‘दाबले तेव्हा काहीच झाले नाही, मग एकदम सगळे झाले’ ही तक्रार आली की पाइप, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर पुढच्या आज्ञेला देणारी जोडणी, बघावा. इव्हटेस्टची ओळ ग्रेपला (हव्या त्याच ओळी गाळून घेणाऱ्या आज्ञेला), ग्रेपची ओळ व्हाइल लूपला, अशी साखळी टर्मिनलवर झकास चालते. तीच पडद्याआड आपोआप चालणाऱ्या सेवेत टाकली की मुकी होते, कारण समोर टर्मिनल नसेल तेव्हा ग्रेप आपले उत्तर ओळीओळीने न देता ४०९६ बाइट साठल्यावर देतो. स्पर्शाची एक ओळ ७८ अक्षरांच्या आसपास, म्हणजे ५२ ओळी. टेकणे आणि उचलणे धरून सव्वीसेक माणसांनी बटण दाबल्यावर पहिल्याचे टोकन बाहेर येते. ग्रेपला ‘लाइन-बफर्ड’ हा पर्याय द्यावा आणि साखळीतल्या बाकीच्या आज्ञांपुढे एसटीडीबफ लावावे. स्क्रिप्ट टर्मिनलवर चालवून ‘आमच्याकडे तर चालते’ म्हणणाऱ्यांचा बहुतेक वेळ इथेच जातो.

याच्या उलटचा प्रकार रांगेचा. टचची फाइल जो जो उघडतो त्या प्रत्येकाला कर्नल स्वतंत्र रांग देतो. स्क्रिप्ट एक टोकन छापून तीन सेकंद ‘स्लीप’ करत असेल तर तेवढ्यात अधीर माणसाने दिलेल्या चार टिचक्या रांगेत जमतात, आणि जाग आल्यावर आणखी चार टोकन छापली जातात. रांग लहान असते, तिचा किमान आकार ६४ घटनांचा. एका साध्या टिचकीच्या दहाएक घटना होतात, म्हणजे सहासात टिचक्यांत ती भरते. भरली की कर्नल जुने टाकून देतो आणि सिन ड्रॉप्ड अशी खूण ठेवतो. ती दिसली तर पुढच्या सिन रिपोर्टपर्यंतचे सगळे सोडून द्यावे. छपाईनंतर फाइल बंद करून पुन्हा उघडली की नवी, रिकामी रांग मिळते, हा त्यावरचा सोपा तोडगा. पण प्रत्येक घटनेला फाइल उघडणे-मिटणे करू नये. मग टेकल्याची ओळ एका उघडण्यात जाते, आकडे दुसऱ्यात, आणि मधले हरवतात.

पडदा फिरवण्याबद्दल गैरसमज फार आहे. आडवे पॅनेल किऑस्कमध्ये उभे लावले, चित्र नव्वद अंशांत फिरवले, बोट मात्र भलतीकडे उमटते. मग कुणीतरी लिबइनपुटचा (कर्नलकडून स्पर्श घेऊन पडद्यावरच्या प्रोग्रॅमना देणाऱ्या लायब्ररीचा) कॅलिब्रेशन मॅट्रिक्स घालतो, घड्याळाच्या दिशेने नव्वदसाठी ० -१ १ १ ० ०, आणि इव्हटेस्टमध्ये बघतो तर आकडे जसेच्या तसे. ‘मॅट्रिक्स लागलाच नाही’ म्हणून तो आणखी दोन ठिकाणी तीच दुरुस्ती करतो आणि बोट आता खरोखरच कुठच्या कुठे जाते. मॅट्रिक्स लिबइनपुटमध्ये लागू होतो. इव्हटेस्ट आणि तुमची स्क्रिप्ट त्याच्या खालचे कच्चे आकडे वाचतात. डिव्हाइस ट्रीमध्ये अक्षांची अदलाबदल किंवा उलटापालट सांगितली तरच कच्चे आकडे बदलतात. दुरुस्ती एकाच जागी करावी. स्क्रिप्टमध्ये करायची असेल तर ८०० × ४८० चे पॅनेल वर सांगितलेल्या घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर नवा आडवा म्हणजे ४७९ वजा जुना उभा, आणि नवा उभा म्हणजे जुना आडवा.

पॅनेल बदलून दुखणे वाढते ते इथेच. रास्पबेरी पायचे २०१५ चे सात इंची पॅनेल ८०० × ४८० आणि आडवे. २०२४ मध्ये आलेले टच डिस्प्ले २ हेही सात इंचीच, पण ७२० × १२८० आणि मुळातच उभे. उपकरणाचे नाव बदलले, अक्ष बदलले, कमाल आकडे बदलले. स्क्रिप्टमधले ‘४०० पेक्षा जास्त असेल तर उजवे बटण’ आता खोटे बोलते.

रेझिस्टिव्ह (दाबाने चालणाऱ्या) पॅनेलवर आकडे पिक्सेलमध्ये नसतातच. एडीएस७८४६ जातीच्या चिपचा आवाका ० ते ४०९५, आणि प्रत्यक्ष काचेच्या कडा त्यात कुठेतरी आत असतात. चारही कोपरे दाबून आकडे लिहून घ्यावेत. कडा १९० आणि ३७९० निघाल्या आणि पडदा ८०० रुंद असेल, तर कच्चा १९९० म्हणजे १९९० वजा १९० बरोबर १८००, गुणिले ८००, भागिले ३६००, म्हणजे ४००. क्रम असाच ठेवावा. शेलला अपूर्णांक येत नाहीत. आधी भागाकार केला तर १८०० भागिले ३६०० शून्य होते आणि बोट कायम डाव्या कडेला.

किरकोळ गोष्टी पटापट सांगतो. टचची फाइल रूट आणि ‘इनपुट’ गटालाच वाचता येते. सेवेचा वापरकर्ता त्या गटात हवा. यूएसबी पॅनेल थोडा वेळ पडून राहिल्यावर पहिली टिचकी गिळत असेल तर त्याचे ऑटोसस्पेंड (वापर नसताना आपोआप झोपणे) बंद करावे. यूएसबीची तार हलून उपकरण गेले की ‘नो सच डिव्हाइस’ येते. त्याच लूपमध्ये पुन्हापुन्हा वाचत राहणारी स्क्रिप्ट प्रोसेसर तापवते, त्यामुळे तिने सरळ बाहेर पडावे आणि सिस्टिमडीने (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) दोन सेकंदांनी तिला पुन्हा उठवावे. पडदा विझलेला असताना जागे करण्यासाठी दिलेली टिचकी खालच्या ‘रद्द करा’ बटणावरही पडते, कारण स्क्रिप्ट आणि पडद्यावरचा प्रोग्रॅम दोघांनाही तीच घटना मिळते. पडदा विझलेला आहे तोवर इव्हटेस्टच्या ‘ग्रॅब’ने उपकरण ताब्यात ठेवावे. आणि रोज रात्री तीन वाजता रीबूट करणारी क्रॉनची (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) ओळ दिसली तर ती काढून टाकावी. तिच्यामुळे वरचा एकही दोष जात नाही, फक्त तक्रार दुपारपर्यंत लांबते.

खरे सांगायचे तर शेल स्क्रिप्टने टच वाचायचा तो पडदा जागा करण्यापुरता किंवा बंद करण्यापुरता. त्यावर बटणांचा अख्खा मेनू उभारायचा असेल तर पायथनची इव्हडेव्ह लायब्ररी घ्यावी. बाइटांचा आकार, चिन्ह आणि क्रम ती स्वतः सांभाळते.

वार्षिक देखभालीचा करार करणाऱ्या कार्यालयांनी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. स्क्रिप्टची प्रत आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद: टच चिपचे नाव, उपकरणाचे नाव, दोन्ही अक्षांची किमान-कमाल, पडदा किती अंशांत फिरवला आहे आणि दुरुस्ती नेमकी कुठे केली आहे, प्रणाली ३२-बिट की ६४. यंत्र ताब्यात घेताना एकच बटण तीस वेळा सलग दाबून तीसच टोकन निघतात का आणि प्रत्येक लगेच निघते का ते बघावे. छपाई चालू असताना चार टिचक्या मारून जादा टोकन येत नाही ना ते बघावे. मग यंत्र दहा वेळा बंद-चालू करावे, त्यातल्या पाच वेळा यूएसबी कीबोर्ड लावलेला ठेवून.

आपला,
एक वाचक, भोसरी